कुत्र्याचा उपवास

नवरात्रातल्या उन्हात मी नंदुरबारच्या जनावरांच्या दवाखान्यात मांजर घेऊन बसलो होतो. शेजारी कोरीटचे एक शेतकरी होते आणि त्यांच्या पायाशी त्यांचा मरगळलेला कुत्रा. तो जेवत नाही म्हणून गृहस्थ रडवेले झाले होते आणि उपरण्याने त्याला वारा घालत होते. फोनवर कुण्या महाराजांनी पाळीव प्राण्यांची शरद ऋतूतली दिनचर्या सांगितली होती. कडुनिंबाच्या पाण्याची अंघोळ, पहाटे दवात फेरी, सगळं त्यांनी मनोभावे केलं होतं.

"आणि खायला काय देता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"साबुदाणा, भगर. घरमा समदासना उपास शे, मंग याना बी शे."

"दादा, हा आजारी नाही, उपाशी आहे." बाईंनी आपल्या डब्यातली भाकरी कुत्र्यापुढे धरली.

गृहस्थांनी मनातल्या देवीला हात जोडले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "मी काही देखं नही," ते म्हणाले. धर्म आणि कुत्रा दोन्ही सांभाळण्याची इतकी सोपी युक्ती मी कुठल्याही प्रवचनात ऐकलेली नाही.

मागे मचमच सुरू झाली आणि लगेच संपलीही. गृहस्थ भिंतीलाच हळूच म्हणाले, "म्याडम, डबामा अजून शे का?"