मॅच चालू असताना कोणी उठत नाही

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी कपाळाला जातो, हसू मागून येतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण ह्या दोन माणसांनी मला जेवढं वैतागवलं तेवढं कोणत्या सराईतानं वैतागवलं नाही. आणि कशापायी? तर फुटबॉलपायी. हिंगोली जिल्ह्यात! आपल्याकडं फुटबॉल म्हणजे शाळेच्या कपाटात पडलेला, हवा गेलेला चेंडू. पण ऐका तर.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होते. एका सकाळी सराफ्यातले एक सराफ धापा टाकत ठाण्यात आले. दुकानाच्या माडीवर त्यांचा कारखाना, म्हणजे दागिने घडवायची खोली. तिथल्या ड्रॉवरमधून शिरड शहापूरच्या एका घरचं लग्नाचं सोनं गेलेलं. कुलूप शाबूत, ड्रॉवर शाबूत, सोनं तेवढं गायब. लग्न तोंडावर.

"मॅडम, माडीवर काम करणारे दोनच हायेत. दोघंबी बंगाली. किल्ली मिशीवाल्याकडं ऱ्हाती. धरा त्याला."

"दुसरी किल्ली?"

"ती माझ्या गल्ल्यात असती. तिला कोन हात लावनार?"

हे दोघं कारागीर कोलकात्याकडचे. नावं सांगत नाही. एक मिशीवाला, एक चष्मेवाला. हिंगोलीत बरीच वर्षं राहिलेले, मराठी बोलायचे, पण त्यांच्या पद्धतीनं. मिशीवाल्याची बायको आणि लेकरू इथंच, भाड्याच्या खोलीत.

पंचनाम्याला गेलो तर समोर कॅमेरा! मला बरं वाटलं. मग पाहिलं, कॅमेऱ्यापुढं दिवाळीचा आकाशकंदील लटकलेला, आणि दिवाळी होऊन कैक महिने झालेले. सगळ्या चित्रणात कंदिलाच्या झिरमिळ्या हलताना दिसत होत्या. शेजारच्या टेलरनं मात्र कामाचं सांगितलं. आदल्या संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, माडीवर लाईट लागून विझली.

दुपारी ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली. मिशीवाला काल अंधार पडल्यावर मफलरनं तोंड झाकून बाजाराकडं जाताना दिसला, एवढं सांगून फोन बंद.

झालं. मिशीवाल्याला चौकशीला बसवलं.

"काल संध्याकाळी कुठं होतास?"

"चष्मेवालाच्या खोलीवर. मोबाइलवर मॅच बघितला."

"आणि मॅचनंतर?"

"घरी गेला. झोपला."

घरमालक म्हणाला, हा गडी जेवणवेळ टळून गेल्यावर आला. म्हणजे खोटं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. "घरी गेला, झोपला." चष्मेवाल्याला विचारलं तर तो छताकडं बघून म्हणाला, "मॅच बरोबर बघितला. नंतरचा मला मालूम नाही."

आमचे हवालदारमामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, दोघं एका गावचे. एकमेकाला झाकून राहिलेत. ह्यांचं काय ऐकता?"

दुसऱ्या दिवशीही तेच. मिशीवाल्याची बायको डबा घेऊन आली आणि डब्याआधी तिनंच त्याला झापलं, अर्धं बंगालीत, अर्धं मराठीत. "मला पण सांगत नाही! काय लपवतो? बोल ना!" तो डब्याची कडी वरखाली करत बसलेला. माझी तर चिडचिड शिगेला पोचली. ज्याच्याकडं सांगण्यासारखं काही नसतं तो बडबड करतो, आणि ज्याच्याकडं असतं तो असा दगड होतो, हा माझा अनुभव.

तेवढ्यात सराफांचा सेल्समन आपणहून जबाब द्यायला आला. गोरागोमटा, कपाळाला गंध, बोलण्यात लोणी. म्हणाला, चष्मेवाल्याच्या खोलीसमोर चहा पीत होतो. मॅच चालू असताना मिशीवाला उठला, कारखान्याकडं गेला, अर्ध्या तासानं परत येऊन पुन्हा मॅच बघत बसला. टेलरनं सांगितलेल्या लाईटशी वेळ बराबर जुळत होती. ठाण्याचे मोठे साहेब फाईल बघून म्हणाले, संध्याकाळपर्यंत बोलला नाही तर अटक दाखवा.

आता अटक म्हणजे काय, ते सांगते. सोन्याच्या कारागिराला एकदा अटक झाली की मग तो निर्दोष सुटो नाहीतर काही होवो, कळमनुरी, वसमत, नांदेड, कुठलाच सराफ त्याच्या हातात गुंजभर सोनं देत नाही. त्याची बायको दारात उभी होती आणि तिला हे माझ्याइतकंच माहीत होतं.

अटकेआधी शेवटचं म्हणून मी चष्मेवाल्याला समोर बसवलं आणि सेल्समनचा जबाब वाचून दाखवला. मॅच चालू असताना उठला, ह्या वाक्यापर्यंत आले आणि हा माणूस खुर्चीवरून ताडकन उभा राहिला.

"कोण बोलला? कोण बोलला हे?"

"खाली बस."

"मॅडम, त्याला चोर बोला, चालेल. पण मॅच सोडून उठला, असं नाही बोलायचं! तो माझा दुश्मन आहे. पण तो उठणार नाही. त्याला लघवीला जायचा होता, तरी नाही गेला. मी बघितला ना!"

"दुश्मन? तुम्ही तर मित्र ना?"

"मित्र आहे. मॅचचा दिवस दुश्मन."

मग सगळं बाहेर आलं. देशातली जी सगळ्यांत वरची फुटबॉल लीग, तिच्यात कोलकात्याचे दोन जुने क्लब खेळतात. एक लाल-पिवळा, एक हिरवा-मरून. मिशीवाल्याचं घराणं आजोबापासून लाल-पिवळ्याचं, चष्मेवाल्याचं हिरव्याचं. हे दोन क्लब भिडले की तिकडं अर्धं शहर एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला. झिंगे, म्हणजे कोळंबी, हिरव्यांची, हिलसा मासा लाल-पिवळ्यांचा. जो जिंकेल त्याची मासळी त्या दिवशी शिजते. ह्या दोघांनी हिंगोलीत बसून पैज लावली होती. हरणाऱ्यानं समोरच्याची जर्सी घालायची, बाजारात जाऊन मासळी आणायची आणि रांधून वाढायची. अट एकच. हे कोणाला म्हणून कोणाला सांगायचं नाही.

लाल-पिवळे हरले होते.

"म्हणजे तो झिंगे आणायला गेला होता?"

"हिरवा जर्सी घालून. म्हणून तोंड झाकला."

"आणि तू दोन दिवस गप्प बसलास? तुझ्या दोस्ताला अटक होऊन राहिली आणि तू गप्प?"

"वचन दिला होता, मॅडम."

मी हवालदारमामांकडं बघितलं. मामांनी भिंतीकडं बघितलं.

मिशीवाल्याला आत बोलावलं. चष्मेवाल्यानं सांगितलं हे कळताच त्यानं दोन्ही हातांत डोकं धरलं आणि म्हणाला, "तू बोलून टाकला!" अटकेचं नाव काढलं तेव्हा हा रडला नव्हता. आता रडला.

"अरे बाबा, तू तुरुंगात गेला असतास!"

"मॅडम, चोर म्हटला तर गाव बदलून घेईल. हिरवा जर्सी घातला हे बाबाला कळला, तर तिकडं घरी कसा जाईल?"

आता बोला. अशा माणसाचं करायचं काय?

पण ऐकीव गोष्टीवर पोलीस चालत नाहीत. मी तशीच मासळी बाजारात गेले. तिथली मासेवाली जुनी ओळखीची. विचारलं, परवा कोणी हिरवा शर्टवाला आला होता का?

"व्हय की बाई! मफलर बांधलेला. मिशी भाईर येऊन राहिली व्हती. झिंगे घेतले अन् डोळे पुसून राहिला. मी म्हनलं, काहून रडतूस रे, घरी कोनी गेलं का? तर म्हनला, 'हारलो.' मला वाटलं इलेक्शनचा उमेदवार हाय."

जर्सीही मिळाली. चष्मेवाल्याच्या खोलीत दोरीवर वाळत होती, दोनदा धुऊनही वास मारत होती.

तर मॅच संपल्यावर तो बाजारात होता, आणि मॅच चालू असताना जागचा हलला नव्हता. मग अर्धा तास उठून गेल्याचं पाहणारा सेल्समन काय बघत होता? त्याला पुन्हा बोलावलं. चहा मागवला. गोडीत विचारलं, "तो उठला तेव्हा मॅच कितपत झाली होती?"

"अजून दोन-तीन तास तरी बाकी होते, मॅडम. म्हणून तर निवांत गेला ना तो."

दोन-तीन तास! आख्खा फुटबॉलचा सामना मधल्या सुट्टीसकट दोन तासांत आटोपतो, हे मला चष्मेवाल्यानं तासाभरापूर्वी हातवारे करून समजावलं होतं. ह्या पठ्ठ्यानं आयुष्यात क्रिकेटच पाहिलेलं. उठलं, चहा पिऊन आलं, दोन-चार ओव्हर गेल्या तरी काही बिघडत नाही, असा त्याचा हिशोब. मॅच कोणत्या दिवशी, किती वाजता, हे त्यानं कारागिरांकडून गोड बोलून आधीच काढून घेतलं होतं. तेवढ्या वेळात दोघं जागचे हलणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. आणि नंतर आपल्या जबाबात त्यानंच त्यांच्यातल्या एकाला हलवला!

निनावी फोन त्याच्या मेव्हण्याच्या दुकानातून आल्याचं निघालं. गल्ल्यातली किल्ली काढायला त्याला कोणाला विचारावं लागत नव्हतं. घरझडतीत सोनं हळदीच्या पोत्यात सापडलं. पंचांसमोर मुद्देमाल जप्त करताना आमचे सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले. मामा म्हणाले, "मॅडम, आता आमचं लगीनच लावा." सराफांनी मात्र कंदील त्याच संध्याकाळी उतरवला.

एवढं झाल्यावर माणसानं काय करावं? देवाचे आभार मानून घरी जावं. मिशीवाला माझ्या टेबलासमोर उभाच.

"मॅडम, जबाबात जर्सी लिहिणार?"

"अरे, जा ना आता!"

"जर्सी लिहिणार तर सही नाही करणार."

खरा आरोपी सापडल्यावर त्याच्या जर्सीची गरज उरली नव्हती. मी लिहिलं, 'सायंकाळी बाजारहाट करण्यास गेलो होतो.' त्यानं ते दोनदा वाचून घेतलं, मग सही केली.

आम्हाला शिकवलेलं असतं की खोटं बोलणारा गुन्हेगार असतो. मी म्हणते, खोटं बोलणारा काहीतरी जपत असतो. ते काय, हे आधी शोधावं. माणसाची इज्जत कुठं ठेवलेली असते ते बाहेरच्याला दिसत नाही. कोणाची जमिनीत असते, कोणाची लेकीच्या लग्नात. ह्याची हजार मैलांवरच्या मैदानात होती. आणि त्याची बाजू घेऊन उभा राहिला तो त्याचा पक्का विरोधक. चष्मेवाल्याला हरवायला ताठ मानेचा दुश्मन हवा होता.

निवृत्तीनंतर एकदा बाजारात गेले होते. चैत्राचं ऊन, डांबर वितळेल असं. मासेवालीपुढं एक माणूस उभा. अंगात लाल-पिवळी जर्सी, तोंडाला मफलर, आणि मफलरवर चष्मा. हिलसा हिंगोलीत कुठून येणार? रोहूवरच भागवत होता. त्याची नजर माझ्यावर पडली आणि त्यानं मफलर आणखी वर ओढला.

मी वळले, शेजारच्या टोपलीतली कोथिंबिरीची जुडी उचलली आणि तो निघून जाईपर्यंत तिची देठं निरखत उभी राहिले.