तिसऱ्या फेरीतल्या लाल ओळी

लेकीला काहीतरी खातंय आणि ती सांगत नाही, ही एकच गोष्ट कालपासून आईच्या मनात ठाण मांडून बसली होती. लेक जेवायला बसे, घास चिवडे, भिंतीकडे बघे. "बरं नाही का वाटत?" म्हटलं की "मला काय धाड भरलीय?" असं वस्सकन अंगावर येई, आणि लगेच उतरल्या चेहऱ्याने ताट उचलून नेई. आईने आपल्या मनातली एकेक भीती चाचपून पाहिली. एखादी गाठबिठ तर नाही? कुणी फसवलं तर नाही? आईच्या जिवाला घोर लागायला एरवी कारण लागत नाही. या वेळी मात्र कारण होतं, आणि ते बाहेरच्या खोलीत, टेबलावर उघडं पडलं होतं.

लेक जुने डेस्कटॉप दुरुस्त करायची. सुरुवातीला माणसं दारात उभी राहून तिच्या खांद्यावरून आत डोकवायची. "मिस्त्री आहेत का?"

"आहेत ना. तुमच्यासमोर उभे आहेत."

मग हातातलं मशीन खाली ठेवावं की परत न्यावं, हा पेच त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसे. चार वर्षांत तो पेच गेला, तो तिच्या कामाच्या रीतीमुळे.

मशीन मंद झालं की बहुतेकदा रॅम वाढवून भागतं. काम पाच मिनिटांचं. बांगडी काढायची, पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवायची, रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसायचे, पट्टी खाचेत धरून दोन्ही टोकं खट्ट वाजेपर्यंत दाबायची. पण एवढं झाल्यावर लेक मशीन देत नसे. रॅम तपासणारा एक प्रोग्राम लावायची आणि त्याच्या चार फेऱ्या पुऱ्या झाल्याशिवाय पेटीचं झाकण लावायची नाही. त्यात अख्खा दिवस जाई. "नोकरीला लागतानासुद्धा माझी एवढी परीक्षा झाली नव्हती," असं एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, आणि तेव्हापासून तिचं नाव पडलं परीक्षाबाई.

आईनेही एकदा विचारलं होतं, एवढं कशाला?

"बाकी काही बिघडलं की मशीन बोंब मारतं, आई. खराब रॅम बोंब मारेलच असं नाही. तू तिच्याकडे एकचा आकडा ठेवायला द्यायचा, ती परत देताना नऊ देणार. आणि तोंड एकदम साळसूद."

आई तेव्हा हसली होती.

गुरुवारी टेबलावर रक्त तपासणाऱ्या लॅबचा डेस्कटॉप होता. लॅबचं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. त्या जुन्या जातीची रॅम आता बाजारात मिळत नाही, म्हणून एका भंगारात निघालेल्या मशीनमधून जपून ठेवलेल्या जोडीतली एक पट्टी तिने बसवली. पहिली फेरी झाली, चूक शून्य. दुसरी चालू असताना आत ओट्यापाशी आई चक्कर येऊन पडली. लेक धावली. तिला उठवून बसवते न बसवते तोच लॅबवाले मशीन न्यायला दारात हजर. "बाई, लोक रिपोर्टसाठी खोळंबलेत हो." लेकीने परीक्षा बंद केली, झाकण लावलं, मशीन त्यांच्या हवाली केलं आणि आईला दवाखान्यात नेलं. रक्तदाब उतरला होता, बाकी काही नव्हतं.

काल, शनिवारी, जोडीतली दुसरी पट्टी तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये घातली. पहिली फेरी स्वच्छ. दुसरीही स्वच्छ. तिसऱ्या फेरीत पडद्यावर लाल ओळी सरसर उतरू लागल्या. चहा घेऊन आलेल्या आईने त्या पाहिल्या. लेकीने चटकन पडदा बंद केला.

त्या ओळींचा अर्थ आईला आज स्वयंपाक करताना उमगला, आणि हातातलं पातेलं तसंच ठेवून ती बाहेर आली.

"लॅबमध्ये गेली ती हिचीच जोडीदार ना?"

लेक पेचकस पुसत राहिली. "हो."

"मग?"

"मग काय? एक खराब म्हणून दुसरी खराब असं नसतं. परवाच लॅबवाले म्हणाले ना, मशीन नुसतं पळतंय."

"पळतंय, पण कुठे चाललंय ते कोण बघतंय?"

"वा! आता तू मला रॅम शिकव."

"तूच शिकवलीस. एकाचे नऊ."

लेकीने पेचकस खाली ठेवला. "उद्या जाते मी. साफसफाई राहिली होती म्हणते आणि पट्टी बदलून आणते. कुणाला कळायचंही नाही."

"आणि मधल्या दिवसांचे रिपोर्ट?"

"रोजचे साठ-सत्तर असतात, आई! सगळे परत तपासायला लावू? एकदा माझ्या तोंडून निघालं की झालं. बाईमाणसाच्या हातात मशीन दिलं म्हणून असं झालं, हेच म्हणतील. चार वर्षं घातलीत मी यात." तिने पेचकस पुन्हा उचलला. "आणि पट्टी चांगली निघाली तर?"

"तर बरंच. आपण वेड्या ठरू." आई स्टुलावर टेकली. "माझ्या चक्करपायी झालं हे सगळं."

"तुझ्यामुळे नाही. उद्या या, एवढं म्हणता आलं असतं मला. हातचं काम जाईल म्हणून भ्याले."

आईही भ्यालेलीच होती. फोन केला तर लेकीच्या नावावर आपल्याच हाताने काट मारल्यासारखं होईल. नाही केला तर? एकाचे नऊ झाले तर माणूस निदान घाबरून डॉक्टरकडे धावेल. पण नवाचा एक झाला तर? कुठल्यातरी घरात एखादी बाई तो कागद बघून हुश्श म्हणेल, घडी घालून कपाटात ठेवेल आणि लेकराला सांगेल, काही झालेलं नाही तुला. आई स्टुलावरून उठली.

रविवारी लॅब एक वाजता बंद होते. घड्याळात साडेबारा होत आले होते.

"फोन तू करतेस की मी करू?"

"आई, नको ना. उद्यापर्यंत थांब फक्त."

"माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल," आई म्हणाली. लेकीची वही तिने ओढून घेतली, लॅबचा नंबर शोधला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि आकडे एकेक करून मोठ्याने वाचत दाबायला सुरुवात केली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लेक रडत होती की अडवायला उठली होती, आईने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर फोन राहिला असता.