अवसर आणि अवकाश

आमच्या घरात ‘अवसर’ म्हणजे घाई. “अवसर करू नको, पडशील,” असं आई जिन्याच्या वरून ओरडायची. पुण्याचा पाहुणा हे ऐकून चक्रावायचा, कारण त्याच्या मराठीत अवसर म्हणजे संधी. आम्ही बेंगळुरूचे मराठी. किती पिढ्यांपूर्वी इथं आलो ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. येताना मराठी घेऊन आलो आणि शेजारचं कन्नड तिच्यात लोणच्यातल्या मिठासारखं मुरलं. मला त्याची कधी लाज वाटली नाही. दोन भाषा एका तोंडात सुखानं नांदत असतील तर बिघडलं कुठं? एकदा तर याच शब्दाची गाठ माझ्या वडिलांच्या नोकरीशी पडली.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. महादेवपुऱ्यातल्या एका कारखान्यात ते पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होते. त्या धडधडाटात त्यांचे कान हळूहळू गेले. पण घरात ‘बहिरा’ हा शब्द कुणी काढत नसे. अण्णांनी हाकेला ओ दिली नाही की आई म्हणायची, “अण्णा विचारात आहेत.” आईच्या हिशेबानं अण्णा इतका विचार करत की एव्हाना त्यांचा मठ निघायला हवा होता. आम्ही त्यांच्यासमोर जाऊन, ओठ नीट हलवून बोलायचो. कारखान्यातही ते समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवून निभावून न्यायचे. कान गेल्याचं साहेबांना कळलं तर घरी बसवतील, ही धास्ती त्यांच्या मनात कायम असे.

नव्वदचं दशक सुरू झालं होतं. जिकडेतिकडे परदेशी यंत्रं येत होती, तशी त्यांच्या कारखान्यातही आली. जुने प्रेस मोडीत निघणार होते. नव्या यंत्रांची फिल्म कामगारांना दाखवायची, मग साहेब प्रश्न विचारणार. ज्याला उत्तरं येतील तो नव्या विभागात जाईल आणि ज्याला येणार नाहीत त्यानं स्वेच्छानिवृत्ती घ्यायची. तिला ‘स्वेच्छा’ का म्हणतात देव जाणे. अण्णांची तशी काही इच्छा नव्हती. माझ्या धाकट्या भावाचं शिक्षण चालू होतं आणि माझा पगार बेताचा होता. अण्णांची जेवणावरची वासना उडाली.

ती फिल्म कन्नडमध्ये करण्याचं काम नेमकं आमच्याच स्टुडिओकडे आलं. इथल्या, बेंगळुरूच्या शिवाजीनगरात एका बेकरीच्या वर दोन खोल्या, तो आमचा स्टुडिओ. आम्ही धंद्याच्या फिल्म करायचो: ग्राइंडर कसा वापरावा, दुकानात माल कसा मांडावा, असल्या. त्या बहुतेक इंग्रजीत यायच्या, म्हणजे ज्यांनी बघायच्या त्यांना सोडून बाकी सगळ्यांना कळायच्या. मी त्या कन्नडमध्ये उतरवून द्यायची. मालक पुण्याचे, नवीनच इथं आलेले. माणूस चांगला होता, पण आपली मराठी तीच मराठी असा त्यांचा पक्का समज होता.

मी त्यांना म्हटलं, नुसता आवाज बदलून भागणार नाही, चित्राखाली अक्षरंही हवीत.

“अगं, सबटायटल्स परदेशी पिक्चरला असतात. इथं कन्नड व्हॉइस देतोय ना आपण?”

“सर, फिल्म कारखान्याच्या हॉलमध्ये दाखवणार, आणि हॉलला लागून प्रेस शॉप आहे. तिथं कोणाला ऐकू येणारे?”

हे खरंच होतं. माझ्या घरचं कारणही खरं होतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. ते अण्णांचं होतं, माझं नव्हे. मालकांनी कारखान्याच्या साहेबांना फोन लावला. रोज ओरडून ओरडून ज्यांचा घसा बसायचा, ते साहेब लगेच हो म्हणाले.

कन्नड अक्षरं काढणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मग मी खालच्या गल्लीतले एक पेंटर गाठले. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा हात बसलेला होता. काळ्या पुठ्ठ्यावर ते पांढऱ्या रंगात ओळी लिहायचे, आम्ही त्या पुठ्ठ्यावर कॅमेरा लावायचो आणि व्हिडिओ मिक्सरवर काळं तेवढं काढून टाकून पांढरी अक्षरं चित्रावर बसवायचो. “अक्का, इतना छोटा कौन पढ़ेगा?” म्हणून ते कुरकुरायचे. पण एका पुठ्ठ्यावर दोन ओळी मावायलाच हव्या होत्या. मूळ निवेदनात एके ठिकाणी होतं, ‘भोंगा वाजताच हात काढा.’ चित्रात भोंग्याशेजारी लाल दिवाही लागत होता. मी पुठ्ठ्यावर लिहायला लावलं, ‘लाल दिवा लागला, भोंगा वाजला की हात काढा.’ दिसत होतं तेच लिहिलं, पदरचं काही घातलं नाही.

घोडं अडलं ते शेवटच्या वाक्यावर. कारखान्याच्या मुंबईतल्या हेड ऑफिसनं घोषणा दिली होती, ‘हर हाथ को अवसर’. मालकांनी ‘अवसर’ तसाच ठेवायला सांगून निवेदकाकडून परस्पर कन्नडमध्ये म्हणवून घेतलं होतं, “प्रति कैगू अवसर.”

“सर, इथं अवसर म्हणजे घाई. प्रत्येक हाताला घाई, असं झालं हे! प्रेसवर घाई केली तर बोटं जातात.”

“कमाल करतेस. अवसर म्हणजे ऑपर्च्युनिटी. प्युअर संस्कृत शब्द आहे, सगळीकडे चालतो.”

“कन्नडात संधीला अवकाश म्हणतात.”

“अवकाश?” मालक खुर्चीतून उठलेच. “म्हणजे रिकामा वेळ! प्रत्येक हात रिकामा? क्लायंट मलाच रिकामा करेल!”

आवाज बदलायला निवेदक पुन्हा बोलवावा लागला असता, त्याला काही मालक तयार होईनात. पण पुठ्ठे माझ्या ताब्यात होते. “अक्षरात मी अवकाशच लिहिणार,” मी सांगितलं. “कुणी बोललं तर माझं नाव घ्या.” कन्नड अक्षरं त्यांना जिलब्यांसारखी दिसायची. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “सरी,” म्हणजे ठीक आहे. एवढं एक कन्नड त्यांना एव्हाना येऊ लागलं होतं.

फिल्म दाखवायला टेप घेऊन मीच गेले. हॉलमध्ये टीव्ही उंच स्टुलावर, पुढं बाकांवर कामगार. अण्णा मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे ओळख दाखवली नाही, मीही नाही. फिल्म सुरू झाली आणि शेजारचे प्रेस असे काही धडधडत होते की निवेदकाचा शब्द कुणाच्या कानावर पडेना. सगळे खालची अक्षरं वाचू लागले. मी मनात म्हटलं, आज सगळेच विचारात आहेत.

शेवट आला आणि नेमका जेवणाचा भोंगा झाला. प्रेस थांबले. त्या शांततेत निवेदक खणखणीत आवाजात म्हणाला, “प्रति कैगू अवसर!” समोरच्या भिंतीवर कारखान्याचीच पाटी होती, घाई हेच अपघाताचं कारण, आणि तिच्यात घाईला शब्द हाच. हॉल हसून हसून लोळायला आला. साहेब वैतागून इकडेतिकडे बघू लागले, तर एकच माणूस गंभीर बसलेला.

“तुम्ही का हसला नाहीत?” साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं.

अण्णांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. “हसण्यासारखं काय होतं, सर?”

“काय म्हणाला तो, ऐकलं नाही?”

अण्णा उठून उभे राहिले.

“नाही ऐकलं, सर. मला ऐकू येत नाही. मी वाचलं.”

“काय वाचलं?”

“प्रति कैगू अवकाश.”

साहेबांनी मला टेप मागं घ्यायला सांगितली. मी ते वाक्य पडद्यावर थांबवून धरलं. साहेबांनी ते वाचलं. मग अण्णांना त्यांनी यंत्राचं एकेक विचारलं, अण्णा एकेक सांगत गेले. साहेब शेवटी म्हणाले, “ते सगळं सरी. पण भोंगा वाजला तर तुम्हाला कळणार कसं?”

“भोंग्याशेजारी लाल दिवा लागतो, सर. तिथं लिहिलं होतं.”

मग त्यांनी अण्णांच्या समोर येऊन, ओठ नीट हलवून सांगितलं की सोमवारपासून नव्या विभागात या. मला रडू आलं आणि मी टेप काढायच्या निमित्तानं टीव्हीच्या मागं गेले.

संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये अण्णा माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, “पुढच्या वेळी अक्षरं स्वल्प मोठी काढायला सांग. मागनं नीट दिसत नाहीत.” पेंटरचं म्हणणं बरोबर होतं तर.

घरी पोचलो तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. तिनं तिथूनच अण्णांना दोनदा काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही, तशी ती दारात येऊन मला म्हणाली, “राहू दे, अण्णा विचारात आहेत.”

अण्णा तिच्या ओठांकडेच बघत होते.

“विचारात नाही ग मी,” ते म्हणाले. “बहिरा आहे. समोर येऊन बोल.”

आई हातातला डाव तसाच घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ थरथरत होते, ते वाचणं अवघडच होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि नीट सावकाश विचारलं, “वाढू का?”

“वाढ,” अण्णा म्हणाले. “भूक लागली आहे.”