स्पिरिटने धुतलेली सिरिंज

माझी धाकटी नणंद गेली एकोणीस वर्षं जनावरांना लस टोचते आणि माणसांना शब्द. लसीच्या बर्फाच्या डब्याला कुणी हात लावला की ती पाहुणा बघत नाही, सासरा बघत नाही. माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाने, एकदा त्यात पाण्याची बाटली गार करायला ठेवली. दहा जणांसमोर असा झाडला त्याला की दोन दिवस तो गोठ्याकडे फिरकला नाही. म्हणून तर माझा तिच्यावर डोळे मिटून भरवसा होता. आणि म्हणूनच अंगाची लाहीलाही होतेय माझ्या.

गेल्या वर्षी गाईंच्या नाकाच्या आजारावरची लस आली. साधी सर्दी नव्हे ती. ताप चढतो, नाक लालभडक होतं, आणि गाय गाभण असली तर वासरू पोटातच जातं. माझ्या सहाही गाई तेव्हा रिकाम्या होत्या. गाभण गाईला ही लस चालत नाही, म्हणून त्याच्या आत टोचून घ्याव्यात म्हणत मी त्या ओळीने बांधल्या. नेमके त्याच दिवशी तिच्या कचेरीतले मोठे साहेब आले, सोबत फोटो काढणारा. त्यांना काय हुक्की आली कोण जाणे! "स्वच्छता दिसली पाहिजे," म्हणत सगळ्या सिरिंज आतून स्पिरिटने धुवायला लावल्या.

ही लस जिवंत असते. स्पिरिट लागलं की मरते. मग ती गाईला टोचली काय नि भिंतीला टोचली काय! मला हे ठाऊक नव्हतं, नणंदेला झोपेतही ठाऊक होतं. "साहेब, पण..." एवढंच ती म्हणाली.

"तू मला शिकवणार?"

झालं. सख्ख्या भावाला न सोडणारी ही बाई मूग गिळून गप्प बसली आणि टोचत सुटली.

यंदा शेजारच्या गोठ्यात बाजारातून नवी गाय आली, नाक गळणारी. मी आपली निर्धास्त. महिन्याभरात माझ्या दोन गाई गाभडल्या. दुसरीचं वासरू मी या हातांनी ओढून काढलं. अंगावर धड केसही नव्हते त्याच्या.

तेव्हा नणंद आली आणि दारातच सगळं सांगून बसली. "वहिनी, मला माहीत होतं गं."

"साहेबाला घाबरलीस? मेल्याचं काय गेलं? त्याचा फोटो छापून आला!"

दुसऱ्या दिवसापासून त्या वेळी टोचलेल्या एकूण एक गोठ्यात जाऊन तिने खरं सांगितलं, शिव्या खाल्ल्या. कचेरीत साहेबांच्या नावासकट लेखी दिलं, खाली स्वतःची चूकही लिहिली. साहेबांनी चौकशी लावली ती हिच्यावरच! वा रे न्याय!

काल नवी लस घेऊन आली, माझ्या दोन रिकाम्या गाईंसाठी. मी गाय धरली. तिने सिरिंज पुढे केली. "नुसती उकळलीय. हवं तर वास घेऊन बघ."

तिला वाटलं, वास घ्यायला मी नको म्हणेन. मी सिरिंज हातात घेतली, नाकाशी नेली आणि नीट हुंगून बघितली.

"टोच," म्हटलं.