आईच्या केसांचं गंगावन

आमच्या नात्यात कुणाच्या पोटात गोष्ट राहिली नाही, की बायका अजूनही म्हणतात, "लोहाऱ्याच्या आत्यासारखं करू नको वो." आत्याला जाऊन खूप वर्षं झाली. हे बोलणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींनी तिला पाहिलेलंही नाही. पण आत्यानं काहीच फोडलं नव्हतं. फोडलं मी. ते एकदा लिहून ठेवतो, कारण सांगायला आता मीच उरलो आहे.

दिग्रसच्या रस्त्याला एक फाटा लागतो. तिथून आत चालत गेलं की आमचं गाव. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. बहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. चूल तिच्याकडे आली, आणि घरातलं बोलणंही. वडील मुळात कमी बोलणारे. आईनंतर ते वखर, बैल आणि कपाशी यांपलीकडे काही बोलत नसत.

आईचे केस राठ आणि काळेभोर होते. तिचा आंबाडा मुठीत मावत नसे. बहिणीचे केस मात्र वडिलांवर गेले. मऊ, विरळ आणि उन्हात पिंगट दिसणारे. न्हाऊन आली की भांगाच्या दोन्ही बाजूंना टाळू दिसायची. लोहाऱ्याची आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, सणावाराला आली की तिला पुढ्यात घेऊन बसायची.

"केस हायेत का मक्याच्या कणसाची शेंडी वो? फणी लावाची का फुंकर माराची?"

"फुंकरच मार आत्या. फणीनं आहेत तेही जातील," बहीण म्हणायची.

दोघी हसायच्या. पण त्या हसण्यात काळजी असायची. बहिणीला विसावं लागलं होतं, आणि त्या काळी मुलगी पाहायला आलेल्या बायका रंगाच्या आधी आंबाडा पाहत. माक्याचं तेल झालं, जास्वंदीची पानं झाली, मेथी भिजवून झाली. केसांनी काही दाद दिली नाही.

महाराष्ट्र व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. पांढरकवड्याकडचं एक स्थळ आलं. घर चांगलं होतं आणि मुलगा शिकलेला होता. आत्या आठवडाभर आधीच येऊन राहिली. एका दुपारी तिनं आरशामागच्या कोनाड्यातून एक फडक्याची पुरचुंडी काढली. त्यात आईचं गुंतवळ होतं. विंचरताना निघालेले केस आई बोटाला गुंडाळून, त्यावर थू करून तिथं ठेवायची. सुगीनंतर सुया-फण्या घेऊन येणाऱ्या बाईला ते द्यायचे असत. त्या वर्षी बाई यायच्या आधी आईच गेली.

आत्यानं ते केस रिठ्याच्या पाण्यात धुतले आणि सावलीत वाळवले. मग ओसरीवर पाय पसरून बसली. काळा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून बट बट बांधत तिनं गंगावन केलं. बहीण शेजारी बसून एकेक बट हातात देत होती. देण्याआधी ती बट क्षणभर गालाला लावायची. मी दाराशी उभा होतो. आत्या मला म्हणाली, "हे कोणाचे केस हायेत ते तुह्या बापालेही सांगू नको. मेल्या माणसाचे केस लोकायले चालत नाहीत. मले चालतात. माह्या वहिनीचे हायेत."

आम्हा तिघांनाच माहीत होतं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बहिणीला न्हाऊ घातलं. लोखंडी कढईत काळ्या पडलेल्या आवळकाठीच्या पाण्यानं केस धुतले, म्हणजे पिंगटपणा लपेल. तेल लावू दिलं नाही. तेलानं पातळ केस डोक्याला चिकटतात, असं आत्याचं म्हणणं. ओल्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालून ठेवल्या. सकाळी त्या सोडल्या तेव्हा केस फुगून आले होते. वेणीच्या दोन पेडांनंतर गंगावन आत घेतलं, वर आंबाडा घातला, शेवंती खोवली. बहिणीनं आरशात पाहिलं. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. ती एकदम आईसारखी दिसत होती. ती मला म्हणाली, "पाह्यलं का रे?" आणि मला तिचा राग आला.

राग का आला, हे मला तेव्हाही कळत होतं. ही आता जाणार. मग त्या घरात मी आणि वडील. मॅट्रिकला दोनदा नापास होऊन मी घरीच होतो. दिवसभर वडिलांच्या मागे शेतात, आणि संध्याकाळी दोन माणसं दोन भिंतींना टेकून बसलेली. मला ते नको होतं.

मला फाट्यावर पाठवलं. मोटारीतून मुलाची आई, मामा आणि मुलगा उतरले. मामा आणि मुलगा पुढे गेले. मुलाची आई जाड होती, चालताना दमत होती, म्हणून मी तिच्याबरोबर हळू चालत होतो. बाई चांगली होती. वाटेत तिनं माझ्या शाळेचं विचारलं, आई कशानं गेली ते विचारलं. मग म्हणाली, "बहिणीले केस कसे हायेत गा?"

मी म्हणालो, "पातळ आहेत. गंगावन लावलं आहे."

ती हसली. "आता मीही लावते बाप्पा. हे काय, समदं माह्यं हाये का?" असं म्हणून तिनं स्वतःच्या आंबाड्यावर थापटी मारली.

इथं मी थांबलो असतो तर बहिणीचं लग्न झालं असतं. बाईनं ती गोष्ट हसून सोडून दिली होती. मी दहा-पंधरा पावलं गप्प चाललो आणि म्हणालो, "ते मेल्या मायच्या केसांचं आहे."

बाईनं पदर सावरला आणि उरलेली वाट खाली पाहत चालली.

घरी आत्यानं तिला मागच्या अंगणात नेऊन पायांवर पाणी घातलं. त्या दोघीच तिथं होत्या. मग बहिणीला पाटावर बसवलं. मुलाच्या आईनं दुसरं काही विचारलं नाही. "आंबाडा सोड वो," एवढंच म्हणाली. बहिणीनं आत्याकडे पाहिलं, मग स्वतःच सोडला. गंगावन तिच्या मांडीवर पडलं.

"कोणाचं हाये?"

"मायचं," बहीण म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही.

"आमच्या घरचं पह्यलं कार्य हाये माय," बाई म्हणाली, आणि उठली. कुंकू लावायला ताट पुढे केलं होतं, ते तसंच राहिलं.

पाहुणे गेल्यावर वडील आत्याला म्हणाले, "अंगणात काय सांगतलं तिले?"

"मी कायले सांगू दादा? मीच तं बांधलं ते."

"मंग कोणी सांगतलं?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तिघांतली उरलेली दोन माणसं म्हणजे बहीण आणि मी. ती बराच वेळ पाहत राहिली, आणि गप्प बसली. वडील म्हणाले, "माह्या घरी पुन्हा येऊ नको." आत्यानं लुगडी पिशवीत भरली आणि फाट्याकडे निघाली. मी तिची पिशवीसुद्धा धरली नाही.

बहिणीनं ते गंगावन धुतलं, दोरीवर वाळवलं आणि परत कोनाड्यात ठेवलं. मेल्या आईचे केस लावणारी मुलगी, ही गोष्ट पुढच्या प्रत्येक स्थळाच्या आधी पोचत असे. चार-पाच वर्षांनी एका बिजवराशी तिचं लग्न झालं. त्याला लहान मुलं होती. त्यानं केसांचं काही विचारलं नाही. लग्नात तिची वेणी करंगळीएवढी होती. आत्याला बोलावलं नव्हतं.

मी एकदा सांगायचं ठरवून लोहाऱ्याला गेलो होतो. आत्या नातीची वेणी घालत होती. मला पाहून म्हणाली, "जेवलास का?" तिनं भाकरी आणि झुणका वाढला. मी जेवलो आणि परत आलो. पुढल्या उन्हाळ्यात ती गेली.

बहिणीला मी फार उशिरा सांगितलं. ती अंथरुणाला खिळली होती. डोक्यावर थोडे पांढरे केस उरले होते, आणि सून ते ओल्या हातानं सारखे करत होती. सून आत गेल्यावर मी सगळं बोललो. फाटा, ती बाई, दोन्ही वाक्यं. ती रडेल किंवा तोंड फिरवील असं वाटलं होतं.

ती म्हणाली, "माह्यं जाऊ दे. आत्याले काहून नाही सांगतलं?"

मी म्हणालो, गेलो होतो.

"मंग?"

मी भाकरी-झुणक्याचं सांगितलं. तिनं डोळे मिटले आणि पुन्हा मला काही विचारलं नाही.