एकटीचा विमा

नवरा गेल्यानंतर त्यांचा फोन मी बंद केला नव्हता. सकाळी चहा ठेवताना तो चार्जिंगला लावायचे. त्यावर मला उद्देशून काही येणार नव्हतं. खताच्या दुकानाचे मेसेज यायचे, पावसाचे अंदाज यायचे. माघात एक दिवस विमा कंपनीचा मेसेज आला. आरोग्य विम्याची मुदत दोन महिन्यांनी संपत होती आणि कंपनी लिहीत होती की आपल्या कुटुंबाचं संरक्षण चालू ठेवा. खाली कुटुंबातली नावं होती. यांचं आधी, माझं नंतर.

आमचं शेत मंगरूळपीरच्या बाहेर, कारंज्याच्या रस्त्याला. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. घर शेतातच. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात बोलायला माणूस होतं, म्हणजे हे होते. मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला. तेरवी आटोपून सगळे गेले त्या दिवसापासून मी दिवसभरात जे काही बोलायचे, ते बाजारात मेथीचा भाव सांगताना.

ती पॉलिसी यांनीच घेतली होती. टीव्हीवर त्या कंपनीची जाहिरात लागायची, त्यात एक हसरं कुटुंब गच्चीवर पतंग उडवायचं. "नाव ऐकलेलं हाये, फसवनार नाई," एवढंच हे म्हणाले होते. आणि खरं सांगायचं तर कंपनीने फसवलं नाही. दवाखान्याचे पैसे पुढे मिळाले. माझं दुखणं वेगळं होतं.

यांना दम लागायला लागला म्हणून अकोल्याला भरती केलं, तेव्हा मी एकटीच सोबत होते. मुलगा रस्त्यात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हे जरा बरे दिसत होते. माझा हात धरून म्हणाले, "बस न इथं." तेवढ्यात खालून निरोप आला की कंपनीची मंजुरी अडली आहे, नातेवाइकाने काउंटरवर यावं. मी म्हटलं, "आलोच, सही मागून राह्यले." खाली गेले तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, कंपनीशी तुम्हीच बोला. फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा. दाबलं. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग गाणं. मग परत तेच वाक्य. मी कानाला फोन लावून उभी होते, कट केला तर नंबर मागे जाईल या भीतीने जागची हलत नव्हते. शेवटी एक माणूस बोलला, त्याने कागद पुन्हा पाठवायला सांगितला, तो पाठवला. जिना चढून वर आले तर नर्स पलंगाभोवती पडदा ओढत होती.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मेसेज आला त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. त्यालाही ईमेल गेला होता. "आई, मी इथून भरून टाकतो. बाबांचं नाव काढायला सांगतो."

"नको भरू," मी म्हटलं. "मले ती कंपनी नाई पाहिजे."

"का? मोठं नाव आहे. पैसे दिले ना त्यांनी?"

"देल्ले."

"मग? तुला दुसऱ्या कंपन्या माहीत तरी आहेत का? कुणीतरी काहीतरी गळ्यात मारेल."

मला दुसरी कंपनी माहीत नव्हती, हे खरंच होतं. माहीत असण्यासारखी नावं म्हणजे जाहिरातीतली, आणि ती सगळी मला त्या गाण्यासारखी वाटायला लागली होती. मी त्याला म्हटलं, मी चौकशी करते, थोडे दिवस दे. तो म्हणाला, बरं, पण जुनी कंपनी सोडायची तर मुदत संपायच्या दीड महिना आधी नव्या कंपनीत अर्ज जावा लागतो, म्हणजे आधीची वर्षं वाया जात नाहीत. तेवढं त्याने पाहून सांगितलं.

चौकशी करायची कोणाला? एजंटला विचारलं तर तो आपलीच सांगणार. मी ठरवलं, ज्यांच्या घरचं माणूस दवाखान्यात जाऊन आलं, त्यांना विचारायचं. आणि एकच गोष्ट विचारायची, फोन कोणी उचलला का.

आधी केनवडला नणंदेकडे गेले. तिच्या मालकाच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्प्रिंग टाकली होती. तिने चहा केला, पापड तळले. मी विचारलं तशी म्हणाली, "आमची त् तुमचीच कंपनी व वैनी. आमाले काईच तरास नाई झाला."

"फोन उचलला त्यायनं?"

"कोन जाने. पुतन्या त्याच दवाखान्यात कामाले हाये न, त्यानंच पाह्यलं सारं. मी त् यायच्या जवयच बसून होतो."

मी पापड खाल्ला. तिला काही कळावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. पण परत येताना बसमध्ये मला एवढं उमगलं की तिच्या कंपनीत आणि माझ्या कंपनीत फरक नव्हता. तिच्यासाठी जिना उतरणारं माणूस होतं. मला तसं माणूस कुठून आणायचं ते माहीत नव्हतं, म्हणून निदान फोनच्या पलीकडे तरी कोणी असावं, एवढंच मागणं उरलं होतं.

त्यानंतर मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर गेले. तिथली एक बाई पूर्वी बायकांची टोळी घेऊन आमच्याकडे वांगी तोडायला यायची. तिच्या नवऱ्याचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडल्याचं बाजारात ऐकलं होतं. तांडा ऊसतोडीला गेलेला. घरांना कुलपं, ओट्यांवर म्हातारी माणसं ऊन खात बसलेली. ही मात्र नवऱ्याच्या पायामुळे घरीच होती. मला पाहून धावतच आली.

"काहून व बाई, तुमी इकडं? एकट्याच?"

"एकटीच. दुसरं कोन हाये आता?"

तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं. हाताला धरून घरात नेलं. नवरा खाटेवर होता, पाय उशीवर. तिने भाकरी टाकली, मिरचीचा ठेचा काढला, आणि जेवताना मी माझा प्रश्न विचारला.

"फोन त् उचलला," ती म्हणाली. "बचत गटातून काढला होता इमा. कंपनीचं नाव कोनी ऐकलेलं नाई. मले वाटे, गेले पैसे पान्यात. पन यायले वाशीमले नेलं अन् कार्डावरच्या नंबरवर फोन लावला, त् एक पोरगी बोलली. घरच्यासारखीच बोले. म्हने, मावशी, रडू नोको, आधी दवाखान्याचं नाव सांग."

"अन् दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी बी तेच पोरगी. तिनं वयखलं मले."

"सारे पैसे देल्ले?"

"सारे नाई. पट्ट्याचे नाई देल्ले, काठीचे नाई देल्ले. पन पयलेच सांगतलं होतं तिनं, हे भेटनार नाई म्हनून."

मी कार्डाचा फोटो काढून घेतला. नाव खरंच कधी न ऐकलेलं. निघताना ती रस्त्यापर्यंत आली आणि म्हणाली, येत जा. मी हो म्हटलं. बस येईपर्यंत ती उभी होती.

मुलाला नाव कळवलं तर आधी तो हसला. मग विम्यावर देखरेख करणारं सरकारी खातं दरवर्षी कंपन्यांचे दावे किती मंजूर झाले ते छापतं, त्यात त्याने पाहिलं. "पहिल्या ओळीत नाही," म्हणाला. "पण शेवटीही नाही. ठीकठाक आहे. नेटवर्कमध्ये आपल्याकडचे दवाखाने आहेत का ते मात्र पाहून घे."

वाशीमला त्यांचं ऑफिस बियाण्यांच्या दुकानावर, एका खोलीचं. तीन टेबलं, त्यातल्या एकावर ती मुलगी. पंचविशीची असेल. मी कार्डाचा फोटो दाखवला, तर तिला तांड्यावरची बाई आठवत होती. पाय कसा आहे, विचारलं तिने.

मग तिने मला काय मिळणार नाही ते आधी सांगितलं. मला साखर आहे, ती लपवू नका म्हणाली, लपवली तर पुढे दावा नाकारतील. खोलीचं भाडं ठरावीक मर्यादेपर्यंतच. हातमोजे, पट्ट्या, असलं किरकोळ काही नाही. दवाखान्यांची नावं तिने वाचून दाखवली. अकोल्याचे होते, वाशीमचे होते, मंगरूळपीरचा एकच.

"काकू, तातडीच्या वेळी जवळचं कोण? त्यांचा नंबर द्या."

मी मुलाचा दिला.

"हे पुण्याचे. जवळचं, म्हणजे इथलं कुणी?"

मी विचार केला. शेजारच्या शेतातला माणूस गावात राहतो. बाजारात माझ्या बाजूला बसणारीचं आडनावसुद्धा मला माहीत नव्हतं. मुलगी पेन धरून थांबली होती. "इथलं कोनी नाई," मी म्हटलं. तिने ती जागा रिकामी ठेवली आणि पुढचं विचारलं.

त्या दिवशी सही केली नाही. बसस्टँडवर येऊन कार्डावरचा नंबर लावला. तिनेच उचलला. मी काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं. दोन दिवसांनी दुपारच्या जेवणाच्या वेळी लावला. दुसऱ्याच कोणी उचलला, पण उचलला. त्यानंतर रविवारी लावला. पुन्हा तीच मुलगी.

"बोला काकू."

मला विचारायचं काही नव्हतं. पहिल्या दोन वेळी मी आधी प्रश्न ठरवून ठेवला होता. या वेळी ठरवला नव्हता आणि ते मला नंबर लावल्यावर कळलं.

"काही अडचण आहे का?"

"नाई. तुमी उचलता का ते पाहून राह्यलो होतो."

ती हसली. "उचलतो की. जेवण झालं का तुमचं?"

सकाळपासून मला कोणी काही विचारलं नव्हतं. झालं, म्हटलं आणि फोन ठेवला. जेवण झालं नव्हतं. सोमवारी जाऊन सही केली.

भादव्यात मला डेंग्यू झाला. ताप अंगावर काढला, मग एका सकाळी विहिरीवर मोटर लावायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. ऑटोवाल्याला बोलावून वाशीमच्या दवाखान्यात गेले. पलंगावर पडल्या पडल्या कार्डावरचा नंबर लावला.

"सोबत कोण आहे, काकू?"

"कोनी नाई."

"ठीक आहे. तुम्ही पडून रहा. फोन दवाखान्याच्या माणसाकडे द्या, मी बोलते त्यांच्याशी."

वॉर्डबॉय फोन घेऊन गेला आणि घेऊन आला. चार वाजायच्या आत मंजुरी आली होती. त्या दुपारी मला एकदाही पलंगावरून उतरावं लागलं नाही. मला हवं होतं ते हेच, आणि ते मिळालं. पण कोणाजवळून उठून जायला लागू नये म्हणून मी एवढी वणवण केली होती, आणि आता पलंगाजवळच्या स्टुलावर माझी पिशवी ठेवलेली होती. बाजूच्या बाईकडे तिची सून होती, बहीण होती, दोघी मोसंबी सोलत होत्या. त्यांनी मला दोन फोडी दिल्या. मी भिंतीकडे तोंड करून खाल्ल्या.

मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅव्हल्सने आला. पिशवी खाली ठेवून स्टुलावर बसला. माझ्या प्लेटलेट विचारल्या, डॉक्टरांना भेटला, काउंटरवर जाऊन आला.

"आई, खाली काहीच करायचं उरलेलं नाही. तू एकटीने केलंस सगळं?"

"फोन केला फक्त."

थोड्या वेळाने म्हणाला, "बाबांच्या वेळी मी विचारलंच नाही. मी पोहोचेपर्यंत तू होतीस ना त्यांच्याजवळ?"

खोटं बोलता आलं असतं. आजवर कोणी विचारलं नव्हतं म्हणून तीही वेळ आली नव्हती.

"नाई," मी म्हटलं. "मी खाली काउंटरवर होतो. कंपनीले फोन लावून उभी होतो."

तो स्टूल पुढे ओढून बसला. "म्हणून तुला ती कंपनी नको होती?"

"हाव."

"मला सांगायचंस ना."

"तू कंपनीचं विचारलंस, बापू. मी कंपनीचं सांगतलं."

त्याने माझा हात धरला. सलाईन असलेला हात होता, दुखला, पण मी तो सोडवून घेतला नाही. बाजूची बाई झोपली होती. मग त्याचा ऑफिसचा फोन वाजला. त्याने तो उचलला नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा बाहेर जाऊन बोलून आला.

मला सुट्टी मिळाल्यावर तो दोन दिवस घरी राहिला. मोटरची वायर नीट केली, फवारणी केली, पुण्याला चल म्हणाला. मी म्हटलं, पाहू. त्यालाही माहीत होतं की मी येणार नाही, आणि मला माहीत होतं की त्याच्या दोन खोल्यांत मी आले तर कुठे झोपेन याचा त्याने विचार केलेला नाही. जाताना त्याने स्वतःसाठी त्या कंपनीचा नंबर मागून घेतला. रविवारी फोन करायला लागला. आधीही करायचा, पण आता पाच मिनिटांनी ठेवत नाही. कधी कधी आम्हा दोघांनाही बोलायला काही सापडत नाही, तरी थोडा वेळ लाइनवर राहतो.

पट्ट्या आणि हातमोज्यांचे पैसे कंपनीने दिले नाहीत, तिने सांगितलं होतं तसे.

यंदा पॉलिसी पुढे चालू केली तेव्हा वाशीमच्या ऑफिसात ती मुलगी नव्हती. लग्न होऊन नागपूरला गेली, असं कळलं. तिच्या टेबलावर एक मुलगा बसतो, यवतमाळकडचा. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलतो. त्याने तातडीच्या नंबरांमधली इथल्या माणसाची जागा रिकामी पाहून विचारलं, "मावशी, इथं कोनाचं नाव टाकू?"

मी तांड्यावरच्या बाईचा नंबर सांगितला. ती दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर उसाला जाणार आणि उन्हाळ्यापर्यंत नसणार, हेही त्याला सांगितलं. तो म्हणाला, चालते, बाकीचे महिने तर आहेत.