निवांत बसता येईल अशी जागा

गेल्या एप्रिलमधल्या एका बुधवारी संध्याकाळी आमचे वृत्तसंपादक आपल्या बायकोला लालबागमधल्या एका मालवणी खानावळीत जेवायला घेऊन गेले. त्यासाठी त्यांनी रजा टाकली होती. जागा त्यांनीच निवडली होती, आणि निवडण्याआधी तीनदा जाऊन पाहिली होती.

"स्वतः पाहिलंस?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. चष्मा कपाळावर सरकवायचा, बातमीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं. भिंत कोसळली, "स्वतः पाहिलंस?" रस्ता खचला, "स्वतः पाहिलंस?" कोणी म्हणालं, "अग्निशमन दलाने सांगितलं, सर," तर उत्तर ठरलेलं, "म्हणजे त्यांनी पाहिलं. तू?" एकदा एका नव्या मुलाने 'मुंबईकर गारठले' असं लिहून दिलं. सर उठले, खिडकी उघडली, हात बाहेर काढून थोडा वेळ उभे राहिले आणि परत येऊन त्यांनी ती ओळ कापली.

असा माणूस तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कचेरीत पाहिला असेल. एरवी सगळे त्याला टाळतात. चूक छापून आली की सगळे त्यालाच शोधतात.

ते दुपारी कामावर येत आणि शेवटचं पान सुटल्यावर घरी जात. मंगळवारी सुट्टी. त्या दिवशीही घरी सगळी वर्तमानपत्रं समोर घेऊन बसतात, असं त्यांनीच सांगितलं होतं. आमच्या धंद्यात वार पुरवणीवरून कळतो. शनिवारी सिनेमाची, रविवारी साहित्याची. मंगळवारी पुरवणी नसते.

मार्चमध्ये एका दुपारी त्यांनी मला खाली चहाच्या टपरीवर बोलावलं. मी महापालिकेच्या बातम्या करते, राहते लालबागला. काही चुकलं असणार, असं धरून मी उतरले. त्यांनी दोन कटिंग सांगितले आणि बातमी सांगावी तशा आवाजात सांगितलं. वहिनी दिवाळीला थोरल्या बहिणीकडे वडाळ्याला गेल्या, त्या परत आल्या नाहीत. भांडण झालं नव्हतं. हे त्यांनी दोनदा सांगितलं. आता बहीण वडाळ्याचं घर सोडून मालवणजवळच्या गावी कायमची राहायला जाणार होती, मे महिन्यात. वहिनी तिच्याबरोबर जाणार होत्या. त्याआधी एकदा भेटायला त्या तयार झाल्या होत्या. बुधवारी, कारण बुधवारी बहीण भजनाला जाते.

"म्हणाली, घरी नको, ताईकडेही नको. बाहेर कुठेतरी. निवांत बसता येईल अशी जागा बघा."

"मग?"

"मला एकही जागा माहीत नाही," ते म्हणाले. "आम्ही कधी गेलोच नाही. एकदाच मिळणार आहे गं. चुकून चालणार नाही."

चहा त्यांनी तसाच ठेवला.

त्यानंतर त्यांनी अख्ख्या कचेरीला विचारलं. कारण कोणालाच सांगितलं नाही. नुसतं, "निवांत बसायला बरं कुठलं?" गुन्हेवार्ताहराने परळच्या एका बारचं नाव दिलं, "वरती फॅमिली सेक्शन आहे सर, एसी, काळोख, कोणी ओळखत नाही." सर म्हणाले, "मला माझ्या बायकोबरोबर जायचं आहे." त्यावर तो म्हणाला, "मग काळोख कशाला?"

सिनेमाचं पान बघणाऱ्या मुलीने मोबाइल पुढे केला. "हे बघा सर, साडेचार स्टार."

"कोणी दिले?"

"लोकांनी."

"त्यांच्यापैकी कोणी दोन तास बसलं होतं?"

मुलीने मोबाइल मागे घेतला.

गिरगावात ते एका जुन्या उपाहारगृहात गेले. तिथली मिसळ त्यांना आवडली. पण समोर पाटी होती, 'खाणे झाल्यावर बोलत बसू नये.' दादरला एका नावाजलेल्या ठिकाणी त्यांचा शेवटचा घास ताटात असतानाच मागे उभ्या असलेल्या बाईने आपली पिशवी टेबलावर ठेवली. लोअर परळला गिरणीच्या आवारातल्या एका नव्या हॉटेलात संगीत इतकं मोठं होतं की वेटरने काय हवं ते त्यांना लिहून द्यायला सांगितलं. "तिथे ती बोलली असती आणि मला ऐकू आलं नसतं," ते म्हणाले. शिवाजी पार्कला, म्हणजे त्यांच्या घराजवळ, त्यांनी बघितलंच नाही. ओळखीचे लोक भेटतील आणि 'वहिनी कधी आल्या?' विचारतील, ही धास्ती.

दिवस जात होते तसा माणूस खराब दिसू लागला. दाढी वाढली. एके दिवशी पहिल्या पानावरच्या मथळ्यातली चूक त्यांच्या नजरेतून सुटली. ती शिपायाने दाखवली. सर त्याला "थँक यू" म्हणाले, आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

एप्रिलच्या सुरुवातीला मात्र ते जवळजवळ धावत माझ्या टेबलापाशी आले. "मिळाली. तुझ्याच लालबागला. गिरणीच्या भिंतीला लागून जी गल्ली आहे, त्या गल्लीत. सहा टेबलं. मालकीणबाई गल्ल्यावर बसते, कोणाला उठवत नाही. मी तासभर बसलो, तर तीच म्हणाली, बसा हो, घाई नाय. आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं असतं तिथे, नारळाच्या वाटपाचं. असं मी कुठे खाल्लं नाही." त्यांची बायको देवगडकडची. तिला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आवडतात, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून आठवत होतं. तिसऱ्याही मिळतील, असं मालकीणबाईने सांगितलं होतं.

"खात्री केलीत?" मी मुद्दाम विचारलं.

"तीनदा. स्वतः."

ठरल्या बुधवारी त्यांनी मला एक काम सांगितलं. आठच्या आधी जाऊन टेबल धरायचं, कोपऱ्यातलं. ते वहिनींना टॅक्सीने वडाळ्याहून आणणार होते. मी माझ्यासाठी सुरमईचं पार्सल न्यायचं ठरवलं, म्हणजे बसायला निमित्त.

गल्लीच्या तोंडाशी वळले तेव्हाच बाहेरची माणसं दिसली. बाकावर, पायरीवर, उभ्या मोटारसायकलवर. आत प्रत्येक खुर्चीमागे एक माणूस उभा. कोपऱ्यातलं टेबल मी कसं मिळवलं ते सांगत नाही, दोन जण अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मालकीणबाईंना आम्ही काकी म्हणतो, पण मी तिथे जायचे ते कचेरीतून उशिरा सुटल्यावर, गर्दी ओसरल्यावर. मी गल्ल्यावर वाकून म्हटलं, "काकी, आज एवढी गर्दी? आमचे सर तर म्हणत होते इथे निवांत असतं."

"खंयचे सर? चष्मेवाले? ते मंगळवाराक येतत गो!" काकी नोटा मोजता मोजता म्हणाल्या. "मंगळवाराक हंय माशी पन बसणा नाय. आज बुधवार. काल कोणी खाल्ल्यानी नाय, उद्या गुरवार, उद्या कोण खावचो नाय. मगे आज येतले नाय तर काय?"

गिरणगावात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मंगळवारी मासळी नाही, म्हणून तर काकी त्या दिवशी काळे वाटाणे शिजत घालतात. सरांची सुट्टी मंगळवारी. तिन्ही वेळा ते मंगळवारी आले होते, वाटाणे खाऊन गेले होते, आणि त्यांना वाटलं होतं ही जागाच शांत आहे.

मी फोन लावला. त्यांनी उचलला नाही. तोवर ते गल्लीत दिसले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. मागे वहिनी, फिकट निळी साडी, हातात कापडी पिशवी. गर्दी पाहून सर जागीच थांबले. त्यांचा चेहरा मी पाहिला, वर्णन करत नाही.

मी टेबल त्यांच्या हवाली केलं आणि पार्सलसाठी दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले. इथून पुढचं काही मी पाहिलेलं आहे आणि काही त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलेलं आहे. कुठलं कुठलं ते सांगत जाईन.

पाहिलेलं असं. ते दोघं समोरासमोर बसले. वेटर आला, "बोला काका, पटकन." सरांनी तिसऱ्या सांगितल्या, सोलकढी सांगितली. वेटर गेला आणि दोन माणसांना घेऊन परत आला. "काका, दोघंच ना तुम्ही? जरा काकूंच्या बाजूला सरका." आमच्याकडे ही रीत आहे, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. सर उठून वहिनींच्या शेजारी बसले. समोर ती दोन माणसं. त्यांनी तळलेला बांगडा मागवला आणि आपल्या चाळीच्या पुनर्विकासाबद्दल बोलायला लागले. बिल्डर कसा चोर आहे, सेक्रेटरी त्याहून कसा चोर आहे.

सर वहिनींकडे तोंड करून काहीतरी म्हणाले. समोरच्याला वाटलं, आपल्याला विचारलं. तो म्हणाला, "नाय हो काका, भाडंपण बंद केलंय त्याने."

वहिनींना हसू आलं. ते मी पाहिलं. सरांनी पाहिलं नाही, ते मागे उभ्या असलेल्या कुटुंबाकडे बघत होते. त्यातल्या बाईने वहिनींच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता आणि ती नवऱ्याला म्हणत होती, "ह्यांचं होत आलंय, इथेच उभे राहू."

"बाई, जरा मागे होता का?" सरांचा आवाज चढला. "आम्ही आत्ता बसलोय!"

"मग बसा ना. कोण उठवतंय?"

"अहो, राहू दे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी तिसऱ्या खाल्ल्या. एकेक शिंपला बोटांनी उघडून, सावकाश, काही न सांडता. सरांनी काही खाल्लं नाही. समोरच्या माणसाने त्यांच्याकडे लिंबाची फोड सरकवली. "घ्या काका, तुमच्यात नाय आलं." सरांनी ती हातात धरून ठेवली.

अर्ध्या तासाच्या आत ते बाहेर आले. माझं पार्सल तेव्हाच मिळालं, म्हणून पायरीवरचं बोलणं मी ऐकलं.

"मी तीनदा पाहिलं होतं गं," सर म्हणाले. "रिकामं असतं. कोणी नसतं. स्वतः पाहिलं होतं."

"कधी?"

"मंगळवारी."

वहिनी म्हणाल्या, "मंगळवारी मासे कोण खातं?"

मी निघाले. पुढचं त्यांनी सांगितलेलं, दुसऱ्या दिवशी, त्याच टपरीवर. मी विचारलं नव्हतं.

टॅक्सीसाठी नाक्यापर्यंत चालताना ते म्हणाले, पुढच्या मंगळवारी पुन्हा येऊ. रिकामं असेल, बोलता येईल. वहिनी म्हणाल्या, "मंगळवारी मी खात नाही."

"कधीपासून?"

"तुम्हाला हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हापासून. बोलले होते देवाला."

त्यांच्या हृदयाला स्प्रिंग बसवली त्याला कितीतरी वर्षं झाली. सर मला म्हणाले, "मंगळवारी मी घरी असतो. तेवढाच दिवस आम्ही एका टेबलावर जेवायचो. मला ठाऊक नव्हतं."

तिला मात्र ते एवढंच म्हणाले, मासे नकोत, तिथे काळ्या वाटाण्याचं सांबारं मिळतं, फार छान असतं, असं मी कुठे खाल्लं नाही. वहिनी थांबल्या.

"आपल्याकडे मंगळवारी काय असायचं जेवायला?"

सरांना आठवेना. टपरीवर मला सांगतानाही ते आठवायचा प्रयत्न करत होते, कपाळावर चष्मा, डोळे मिटलेले. "मी पेपर वाचत जेवायचो," ते म्हणाले. "काहीतरी काळपट. आमटीसारखं."

वहिनींनी उत्तराची वाट पाहिली, मग टॅक्सीला हात केला. बसताना म्हणाल्या, "तिसऱ्या चांगल्या होत्या." वडाळ्यापर्यंत सोडायला येऊ का, असं सरांनी विचारलं. त्या नको म्हणाल्या.

"आता काय करू?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "फोन करा, सर." ते म्हणाले, करतो आहे, ताई उचलते.

मे महिन्यात वहिनी बहिणीबरोबर गावी गेल्या. याला दुजोरा वडाळ्याच्या घराला लागलेल्या कुलुपाचा. सर दोन रविवार ते बघायला गेले होते.

ते कामावर येत राहिले, पण विचारणं बंद झालं. आम्ही बातम्या देत होतो, ते वाचत होते, पुढे सोडत होते. भिंत कोसळली, छापली. रस्ता खचला, छापला. एका नव्या मुलाने मला हळूच विचारलं, "सर बरे आहेत ना? मला काही बोलले नाहीत." पूर्वी तो त्यांना बघून जिन्याने खाली पळायचा.

मंगळवारी ते काकींकडे जायचे. हे काकींनी सांगितलं. कोपऱ्यात बसायचे, सांबारं खायचे. पेपर नसायचा. एकदा गल्ल्याशी येऊन त्यांनी विचारलं, वाटाणे किती वेळ भिजवायचे, वाटपात काय काय घालता. काकींनी सांगितलं. खोबरं भाजताना विस्तव बारीक ठेवा, असंही सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं, बरोबर म्हणाले की नाही ते विचारलं. "बरोबर सांगल्यानी," काकी म्हणाल्या. "पुढच्या मंगळवाराक इले नाय."

जूनमध्ये त्यांनी रजा टाकली. रजा संपली, ते आले नाहीत. फोन बंद लागत होता. कचेरीने मला घरी जाऊन बघायला सांगितलं.

शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी दार उघडलं. त्या म्हणाल्या, एक बॅग आणि एक पातेलं घेऊन गेले. कुठे जाताय विचारलं तर म्हणाले, मंगळवारपर्यंत पोहोचायचं आहे. एवढंच.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?" मी विचारलं.

"म्हणजे काय? ह्या इथे दारात उभी होते. चावी माझ्याकडेच दिली."

त्याला आता पावसाळा उलटून गेला. गेल्या आठवड्यात मी पुन्हा जाऊन आले. चावी शेजारच्या बाईंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे. ती अजून कोणी मागायला आलेलं नाही.